वीस बाय तीसचा प्लॉट

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात नवे घर बांधणाऱ्याला जागा केवढी असे विचारले, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: वीस बाय तीस. सहाशे चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहून जरा जास्त. शहराच्या किंवा मोठ्या गावाच्या कडेची शेतजमीन विकली जाते, प्लॉटिंगवाला येतो, दोरी धरून चुन्याची फक्की मारतो आणि एका दुपारी एकराचे पन्नासहून जास्त तुकडे पडतात. व्यवहार बाँडपेपरवर होतो. दोन रांगांच्या मध्ये दहा-पंधरा फुटांची वाट सोडलेली असते. गटारासाठी, झाडासाठी, अंगणवाडीसाठी किंवा पाण्याच्या टाकीसाठी काहीच सोडलेले नसते, कारण तेवढीच जागा विकायला कमी पडली असती.

फक्की पहिल्या पावसात धुऊन जाते. तिच्यावर उभी राहिलेली घरे मात्र पन्नास वर्षे तिथेच राहतात. त्या वाटेतून घंटागाडी आत येणार की नाही, बाळंतीण घेऊन १०८ ची रुग्णवाहिका दारापर्यंत पोचणार की नाही, मोरीचे पाणी वाहून जाणार की दारात साचणार, खालच्या खोलीत ऊन येणार की नाही, हे सगळे त्या दुपारीच ठरून जाते. तिथे राहायला येणाऱ्या माणसांच्या आजारांचा मोठा भाग डॉक्टरांच्या हाती येण्याआधी जमीन मोजणाऱ्याच्या हातून गेलेला असतो.

पैठण तालुक्यातले पाचोड हे असे मोठे गाव. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर, संभाजीनगरहून बीडकडे जाताना ते लागते. मोसंबीच्या बाजारासाठी त्याचे नाव आहे. हंगामात आजूबाजूच्या शिवारांतली मोसंबी इथे येते आणि ट्रक भरून परराज्यांत रवाना होते. बाजार आला की हमाल येतात, गॅरेज येतात, हॉटेले येतात, शाळेसाठी खोली करून राहणारी कुटुंबे येतात. मराठवाड्यातली महामार्गावरची कितीतरी गावे अशीच वाढली आहेत. जनगणनेच्या व्याख्येनुसार पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेर असतील, तर त्या ठिकाणाला नागरी म्हणतात. कागदावर ग्रामपंचायत असलेली अनेक गावे वागण्या-राहण्यात या रेषेच्या जवळ पोचली आहेत. शहराची दाटी त्यांच्याकडे आली आहे. शहराचा नकाशा आलेला नाही.

पाचोडचे नाव आरोग्याच्या क्षेत्रात मात्र देशाबाहेरही माहीत आहे. डॉ. अशोक दयालचंद यांच्या पुढाकाराने इथे उभी राहिलेली इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड ही संस्था कित्येक दशके आसपासच्या गावांत माता-बालकांच्या आणि किशोरवयीन मुलींच्या आरोग्यावर काम करते आहे. पुढे तिने पुण्याच्या झोपडपट्ट्यांतही काम केले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिने मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग सुरू केले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत कार्यक्षेत्रातले लग्नाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. एक वर्ष ऐकायला थोडे वाटते. लहान वयातल्या बाळंतपणाचे धोके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या एका वर्षाची किंमत कळते.

पण या प्रकरणासाठी महत्त्वाची आहे ती या संस्थेची पद्धत. गावातलीच आरोग्य कार्यकर्ती घरोघर जाते, दर महिन्याला प्रत्येक घराची गरज टिपते आणि त्यावरून पुढच्या महिन्याच्या कामाची आखणी होते. सरसकट सगळ्यांना एकच सल्ला द्यायचा नाही. कुठल्या घरात नवे लग्न झाले आहे, कुठे बाळाचे वजन वाढत नाही, हे आधी पाहायचे आणि मग ठरवायचे. आधी घर पाहणे आणि मग योजना करणे, हा क्रम आरोग्यसेवेत पाचोडच्या परिसराने अनुभवला आहे. रस्ता, पाणी आणि गटार यांच्या बाबतीत तोच क्रम आला तर काय होईल, हा विचार इथल्यासाठी परका नाही.

तो क्रम चुकला तर काय होते, हे पाहायला पन्नासेक किलोमीटर जावे लागते.

संभाजीनगरात एकाच शहराची दोन रूपे शेजारी-शेजारी दिसतात. १९७२ मध्ये सिडकोने इथे नव्या वसाहतींचे काम हाती घेतले. एन-एक, एन-दोन अशा नावांचे हे भाग आखताना आधी रस्ते, नळ, ड्रेनेज आणि उद्यानांच्या जागा ठरल्या आणि मग घरे विकली गेली. ती घरेही लहान होती, मध्यमवर्गीय आणि कामगारांची होती. श्रीमंतीचा प्रश्न तिथे नव्हता, क्रमाचा होता. त्याच काळात शहराच्या दुसऱ्या कडांना गुंठेवारी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली बाँडपेपरवरची प्लॉटिंग, पसरत गेली आणि शंभरावर वसाहती अशा झाल्या. त्यांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. कायद्याने घर नियमित होते, त्याला कर्ज मिळते, मालकाला झोप लागते. हे सगळे आवश्यकच आहे. मात्र दहा फुटांची गल्ली नियमित केली म्हणून पंधरा फुटांची होत नाही. तिच्यात नंतर ड्रेनेज टाकायचे तर नळाची लाइन आणि ड्रेनेजची लाइन एकमेकींना खेटून जातात, आणि नळाला पाणी नसलेल्या दिवसांत रिकाम्या पाइपात बाहेरची घाण शोषली जाते. कावीळ, विषमज्वर आणि जुलाबाच्या साथींचे एक ठरलेले कारण इथे आहे.

या शहराला पाण्याची समज नव्हती असे कुणी म्हणू शकणार नाही. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचे संभाजीनगर, वसवली, तेव्हा त्याने पाण्याचा विचार वस्तीबरोबरच केला. हर्सूल–सावंगीच्या बाजूला डोंगरपायथ्याशी जमिनीत झिरपणारे पाणी अडवून ते बांधीव भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. ठरावीक अंतरावर तपासणीसाठी विहिरीसारखी तोंडे ठेवली, पुढे खापरी नळांतून ते पाणी मोहल्ल्यांत खेळवले. हीच नहर-ए-अंबरी. तिच्यामागून आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचे जाते ज्या पाण्यावर फिरायचे तेही असेच डोंगराकडून जमिनीखालून येई. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट तिचे झाकलेपण आहे. पाणी उगमापासून हौदापर्यंत उघड्यावर येत नव्हते, त्यात गुरे उतरत नव्हती, सांडपाणी मिसळत नव्हते. आणि ते वाहते होते, त्यामुळे घराघरात साठवून ठेवण्याची गरज कमी होती. नंतरच्या काळात नहरींवर घरे आली, शेजारी बोअर पाडले गेले, तोंडे बुजली. जमिनीखाली काय आहे हे नकाशावर नसले की वरचा माणूस ते फोडतोच.

आजचे शहर पाणी आणते जायकवाडीतून. १९६५ मध्ये पायाभरणी आणि १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाचा नाथसागर पैठण तालुक्यातच आहे, पाचोडच्याच तालुक्यात. शहर वाढले, वाहिन्या जुन्या झाल्या. समांतर वाहिनीची खाजगी भागीदारीतली योजना २०१६ मध्ये करार रद्द होऊन थांबली. मग १६८० कोटींची नवी योजना आली, डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले आणि खर्च पुढे २७४० कोटींवर गेला. दरम्यान अनेक भागांत नळाला पाणी पाच-सात दिवसांनी येत राहिले.

इथे पाण्याच्या वेळापत्रकाचा डेंग्यूशी संबंध येतो आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ, साठलेले पाणी लागते: ड्रम, रांजण, सिमेंटचा हौद, गच्चीवरची उघडी टाकी. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. तो फार लांब उडतही नाही. शंभर-दोनशे मीटरच्या परिघात त्याचे आयुष्य जाते. म्हणून आरोग्य खाते सांगते, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून वाळवा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत राहतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही, घासावेच लागते.

आता ज्या बाईच्या नळाला सात दिवसांनी पाणी येते तिने हा सल्ला कसा पाळायचा? सातव्या दिवशीही तिच्या ड्रमच्या तळाशी चार बादल्या पाणी असते आणि आज नळ येईलच याची खात्री नसते. ती ते ओतत नाही. कुठलीही शहाणी गृहिणी ओतणार नाही. डासाचे आयुष्यचक्र आणि महापालिकेचे पाणीवाटपाचे वेळापत्रक जवळजवळ एकाच लांबीचे झाले आहे, आणि त्या दोन्हींच्या मध्ये तो ड्रम उभा आहे. आरोग्य कर्मचारी येऊन ॲबेट या अळीनाशकाचे थेंब टाकतात, हौदात गप्पी मासे सोडतात, धूरफवारणी होते. ही सगळी कामे करायलाच हवीत. पण रोज पाणी देणारी वाहिनी डेंग्यूवर जे करू शकते ते फवारणीच्या कुठल्याही मोहिमेला जमणार नाही. पाणीपुरवठ्याचा प्रकल्प अहवाल हा आरोग्याचाही अहवाल असतो, आणि तो रखडला की त्याची किंमत प्लेटलेट मोजणाऱ्या प्रयोगशाळांत दिसते.

हे नवे नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या पाठोपाठ, १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली होती आणि गावातले सुमारे सदतीस टक्के लोक आजारी पडले होते. त्यानंतर तीस वर्षे हा रोग जवळपास विसरला गेला. २००६ मध्ये तो महाराष्ट्रभर परतला, तेव्हा मराठवाड्यातल्या गावोगावी माणसे सांधे धरून बसली. पाणी साठवून जगणाऱ्या मुलखात या डासाला घर शोधावे लागत नाही.

पाणी येते कसे हा अर्धा प्रश्न झाला. उरलेला अर्धा, म्हणजे घाण जाते कुठे, याचे उत्तर संभाजीनगरला २०१८ मध्ये द्यावे लागले. वर्षानुवर्षे शहराचा कचरा नारेगावच्या डेपोवर पडत होता. भोवतालच्या गावांच्या विहिरींचे पाणी बिघडले, धुराने आणि माश्यांनी लोक कंटाळले. त्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मग शहरात कचरा जागच्या जागी कुजू लागला. दुसरीकडे नेऊन टाकायचा प्रयत्न झाला तेव्हा मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला, महापालिका आयुक्तांची बदली झाली. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशा ठिकाणी प्रक्रिया केंद्रांची कामे सुरू झाली. नारेगावच्या माणसांचा प्रश्न साधा होता: तुमचा कचरा आमच्या दारात का? एका वस्तीची स्वच्छता दुसऱ्या वस्तीच्या आजारावर उभी करणे हा नियोजनातला सर्वांत जुना अन्याय आहे, आणि त्या गावकऱ्यांनी तो नाकारला ते योग्यच केले.

सांडपाण्याचेही तसेच. खाम नदी शहरातून वाहते आणि पुढे गोदावरीला, नाथसागराच्या फुगवट्याच्या बाजूला, जाऊन मिळते. शहर ज्या जलाशयाचे पाणी पिते त्याच जलाशयाच्या दिशेने त्याची गटारे वाहतात. गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद, काही उद्योग आणि नागरिकांनी मिळून खामच्या काठची सफाई, नाल्यांवर जाळ्या, काठावर झाडे आणि पायवाटा असे काम केले. देशाबाहेरही त्याची दखल घेतली गेली. जिथे नाक दाबून पळायचे तिथे माणसे सकाळी फिरायला येऊ लागली, हे आरोग्याचे दुहेरी काम आहे. वरून येणारे न शुद्ध केलेले पाणी थांबेपर्यंत मात्र ते अर्धेच राहील.

हवा आणि उजेड यांची गोष्ट मुंबईत नेते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्या साथीने सरकार हादरले आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्यांतून समुद्राकडची हवा आत यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते फोडले गेले. दादर–माटुंग्याची आखणी, पाच उद्याने, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याच ट्रस्टची देणगी. ट्रस्टचे पाप असे, की त्याने गरिबांची घरे पाडली जास्त आणि बांधली कमी. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटीवाटीने घुसली. तरी त्याच्या कारभारातून एक नियम निघाला तो आजही वाचण्यासारखा आहे: साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या खिडकीपाशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले, तर त्या नजरेचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. साध्या हिशेबात, दोन इमारतींमध्ये जेवढे अंतर असेल त्याच्या दुपटीपेक्षा उंची जास्त नको. एवढे पाळले तर तळमजल्यावरही आभाळाचा तुकडा दिसतो.

शंभर वर्षांनी मुंबईतच गोवंडीला नटवर पारेख कंपाउंड उभे राहिले. प्रकल्पग्रस्तांसाठीच्या या सात मजली इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. जुन्या नियमाने तिथे सहा मीटरपेक्षा उंच काही बांधता आले नसते. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईतल्या संशोधकांसह नटवर पारेख, मानखुर्दचे लल्लुभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींचा अभ्यास केला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना चिकटून, तिसरीत मोकळी जागा जास्त. क्षयरोगाचे प्रमाण पहिल्या दोन्हींत तिसरीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक निघाले, आणि खालच्या मजल्यांवर विशेष. क्षयाचे जंतू हवेत तरंगत राहतात. वारा त्यांना पांगवतो आणि ऊन मारते. दोन्ही फुकट मिळतात, फक्त त्यांना आत यायला जागा लागते. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या कुटुंबाला सरकारने घराबरोबर क्षयाचा धोका दिला, यासारखी दुसरी वेदनादायक गोष्ट नाही. वीस बाय तीसच्या प्लॉटवर दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटवून, मागे खिडकी न ठेवता, वर दोन मजले चढवले की पाचोडमध्येही तेच होते. उंची कमी असल्याने लक्षात यायला उशीर लागतो, एवढेच.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळात भारतात आलेल्या एका स्कॉटिश माणसाने मात्र पाडापाडीला विरोध केला. पॅट्रिक गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये ते भारतात आले, गावोगाव पायी फिरले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचे म्हणणे असे, की आधी पाहणी, मग निदान, मग शक्य तितकी कमी कापाकापी: एखादे पडके घर काढून तिथे चौक करा, वाट सरळ करण्यासाठी अख्खी आळी उठवू नका. होळकरांच्या इंदुरात प्लेगचे भय होते. लोकांना गेडिस म्हणजे घरे पाडायला आलेला साहेब वाटे. त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढली. त्यात प्लेगच्या उंदराचे प्रचंड सोंग होते आणि मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या आळ्या सर्वांत जास्त स्वच्छ आणि डागडुजी केलेल्या असतील त्यांतून जाईल अशी दवंडी आधीच पिटली होती. घरोघर कचरा निघाला, भिंती रंगल्या. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरचा अहवाल प्रसिद्ध झाला. इंदूर आज स्वच्छतेसाठी गाजते त्याच्या शंभर वर्षे आधी हे घडले. घराघरांची पाहणी आधी, हे गेडिस यांचे सूत्र आणि पाचोडच्या आरोग्य कार्यकर्तीची वही यांच्यात फार अंतर नाही.

मग पाचोडसारख्या गावाने काय करावे? सुरुवात सांडपाण्याच्या हिशेबाने करावी लागेल. जलजीवन मिशनने माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी घरात आणायचे ठरवले. पाच जणांच्या घरात पावणेतीनशे लिटर. अभियंते धरून चालतात की आलेल्या पाण्यापैकी ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे प्रत्येक दारातून रोज सुमारे सव्वादोनशे लिटर पाणी गल्लीत येते. पूर्वी डोक्यावरून आणलेल्या दोन हंड्यांत घर भागत होते तेव्हा हा प्रश्नच नव्हता. नळ आला, गटार आले नाही, आणि दारातले डबके मोठे झाले.

नांदेड जिल्ह्याने यावर स्वस्त उत्तर काढले. घरासमोर खड्डा घ्यायचा, मधोमध बाजूंना छिद्रे असलेली सिमेंटची टाकी बसवायची, भोवती दगडगोटे भरायचे आणि वर झाकण. मोरीचे पाणी त्यात जाते, गाळ टाकीत बसतो, पाणी जमिनीत मुरते. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीत घरोघर असे शोषखड्डे झाले, उघडी गटारे बंद झाली आणि डास इतके कमी झाले की गावाला डासमुक्त म्हणू लागले. मग जिल्हा परिषदेने ती पद्धत गावोगावी नेली. एक सावधगिरी हवी. काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही, खड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो, आणि दाट वस्तीत विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर शोषखड्ड्याऐवजी बंद गटारच करावे लागते. कुठल्या आळीत काय चालेल हे जमीन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण संभाजीनगरच्या अगदी शेजारचे, वाळूज औद्योगिक वसाहतीजवळच्या पाटोद्याचे. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना या गावाने पाण्याला मीटर लावले, ओला-सुका कचरा वेगळा केला, कर भरणाऱ्या घरांना दळण मोफत केले आणि गरम पाण्याची सोय केली. कारखान्यांमुळे गाव वाढत होते आणि प्लॉट पडतच होते. तिथल्या ग्रामपंचायतीने वाढीच्या पुढे राहायचे ठरवले. करवसुली वाढली की नळ-गटाराची देखभाल होते, देखभाल झाली की लोक कर देतात. हे चाक फिरवायला सुरुवातीला कुणीतरी खांदा लावावा लागतो.

महामार्गाचाही विचार हवा. बाजाराचे गाव रस्त्याकडे तोंड करून वाढते. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला घर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वाहनांचा सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. शाळेपाशी रस्ता ओलांडायला उंच पट्टा, सेवारस्त्यावर वेग रोखणारी वळणे आणि उजेड, एवढ्याने जेवढे जीव वाचतात तेवढे जवळच्या ट्रॉमा सेंटरला वाचवता येत नाहीत. आणि सावली. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये त्या शहराने देशातली पहिली उष्णता कृती योजना केली. मराठवाड्याचा मेही सौम्य नसतो. मोसंबीच्या क्रेट उचलणारा हमाल आणि बसची वाट पाहणारी म्हातारी यांच्यासाठी बाजारतळावर लिंब, वड आणि पिण्याच्या पाण्याचा नळ ही आरोग्यसेवाच आहे.

अडचण अधिकाराची आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यात प्रादेशिक योजना, विकास योजना आणि नगररचना परियोजना अशा पायऱ्या आहेत. गाव ग्रामपंचायत असेपर्यंत त्याच्यासाठी प्रादेशिक योजनेचा ढोबळ नकाशा असतो. दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या संक्रमणातल्या गावाची नगर पंचायत झाली की मग विकास योजना येते, आणि तोवर आळ्या बांधून झालेल्या असतात. नियम मात्र आधीही लागू असतात. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटरच्या वरच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. म्हणूनच कितीतरी शेते एकराच्या आतले तुकडे पाडून विकली जातात.

यावर शेतकऱ्यांनी स्वतः काढलेली वाटही महाराष्ट्रात आहे. पुण्याजवळ हडपसरला मगर आणि इतर मिळून सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेच्या आसपास एकर जमीन वेगवेगळी न विकता एकत्र केली आणि मगरपट्टा सिटी उभी केली. तिथली घरे पाचोडच्या हमालाला परवडणारी नाहीत. पण बांधावरचे चार शेतकरी एकत्र बसले, प्रत्येकाने रस्त्याला आणि गटाराला आपल्या वाट्याची पट्टी सोडली, तर उरलेल्या प्लॉटचा भाव वाढतो आणि कुणाचे नुकसान होत नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून परियोजनेचे तत्त्व हेच आहे.

आणि नकाशा नाही ही सबब आता उरलेली नाही. केंद्राच्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभाग आणि राज्याचा भूमी अभिलेख विभाग यांनी ड्रोनने गावठाणांची मोजणी हाती घेतली. प्रत्येक मिळकतीला सनद द्यायची हा तिचा हेतू, पण त्याच मोजणीत घर, गल्ली आणि मोकळी जागा नकाशावर येतात. त्या नकाशावर आशाताईंच्या नोंदी चढवल्या, कुठल्या गल्लीत डेंग्यूचे रुग्ण निघाले, कुठे क्षयाचे उपचार चालू आहेत, कुठे पाणी साचते, तर गटार आधी कुठल्या आळीत घालायचे हे भांडणाशिवाय ठरवता येईल. रुग्णांची नावे त्यावर नकोत, आळी पुरेशी आहे. पैशाचीही वाट आहे: पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा साठ टक्के भाग बंधित ठेवला, अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठी. तो कशावर खर्चायचा हे ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात लिहिले जाते, आणि तो आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. त्या सभेला ड्रोनचा नकाशा भिंतीवर टांगता येतो.